कबरी तगर

१

तुमच्या घरात माणसं किती, असं कुणी अचानक विचारलं तर तुम्ही कुणाकुणाला धरता?

हसू नका. प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. सुरतेजवळच्या भेस्तानच्या मालतीबाईंना तो दर श्रावणात पडायचा, आणि त्याचं उत्तर त्यांना तोंडाने नाही, मुठीने द्यावं लागायचं.

खानदेशातली माणसं सुरतेला आली ती लूमच्या आणि रंगाच्या कामाला. पण येताना कानबाईला, आपल्या कुळाच्या देवीला, सोबत घेऊन आली. नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी कानबाई बसते. तिच्या रोटांचे गहू मोजायचे ते घरातल्या पुरुषांवर, दर पुरुषामागे सव्वा मूठ. ते दळायचे, त्यांचे रोट करायचे आणि ते फक्त कुळातल्यांनीच खायचे. बाहेरच्याला कण द्यायचा नाही, मागे कण ठेवायचा नाही. एकदा मुठीने काढलेला दाणा परत डब्यात टाकायचा नाही. मालतीबाईंच्या सासरी आणखी एक रीत होती. रोट खाऊन हात धुतले की ते पाणी मोरीत जाऊ द्यायचं नाही, झाडाच्या मुळाशी घालायचं.

त्या श्रावणात घरात पुरुष एकच होता. मालतीबाईंचा नवरा लोटू, पलसाण्याच्या एका कारखान्यात रंग कालवायच्या कामाला. एकुलता एक मुलगा गजेंद्र आदल्या वर्षी कामरेजच्या हायवेवर गेला होता. मागून ट्रक आला, मोटारसायकल पुलाच्या कठड्याला लागली, संपलं. दुखवट्याच्या वर्षात कानबाई बसली नव्हती. आता पुन्हा बसणार होती.

मालतीबाईंनी सुपात मूठ टाकली, वरचा पाव टाकला, आणि त्यांचा हात पुन्हा डब्यात गेला. सवयीने गेला की मुद्दाम, ते त्यांना तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. दाणे सुपात पडल्याचा आवाज झाला तसं लोटूने पेपरातून डोकं वर काढलं.

“गज्यानी माय,” तो हळूच म्हणाला, “गज्या नही शे आते.”

“पडला दाणा,” मालतीबाई म्हणाल्या. “पडलेला परत काढत नाहीत.”

लोटूने पुन्हा पेपरात डोकं घातलं. तीस वर्षांच्या संसारात त्याला एवढं कळत होतं की काही वेळा माणसाला चुकू द्यावं.

रोट झाले. आरती झाली. लोटू, मालतीबाई आणि गजेंद्रची बायको वर्षा, तिघं जेवायला बसले तेव्हा मात्र अडलं. गजेंद्रच्या वाट्याचा रोट ताटात तसाच राहिला, आणि ठेवता तर येत नव्हता.

“वर्षा, तू खा,” मालतीबाई सुनेला म्हणाल्या. “त्याचं अर्धं अंग तूच ना.”

वर्षाने सासूकडे पाहिलं, मग रोटाकडे. तिचं पोट भरलं होतं. तरी तिने एकेक घास मोडून तो सगळा संपवला. शेवटचे घास उतरेनात, तेव्हा पाण्यासोबत गिळले.

हात धुतलेलं पाणी मालतीबाईंनी बाहेर नेलं आणि दाराशेजारच्या तगरीला घातलं.

२

ती तगर गजेंद्रनेच लावलेली. लग्नाच्या पहिल्या वर्षी कुठूनशी एक काडी ओल्या चिंधीत गुंडाळून घेऊन आला होता. ओटा आणि फाटक यांच्यामध्ये दोन हात माती होती, तिथे त्याने ती खोचली.

“माय, दख,” तो आईला म्हणाला होता. “एक पान दुसराना मायक नही शे.”

खरंच तसं होतं. प्रत्येक पान वेगळं. कुठे हिरव्यावर पांढरी कड, कुठे अर्धं पान हिरवं, अर्धं पांढरं, मधल्या शिरेवर रेघ मारल्यासारखं. मालतीबाई तिला कबरी म्हणायच्या. वर्षभर फुलायची. उन्हाळ्यात पाणी नसलं तरी मरायची नाही, पावसात चार दिवस गुडघाभर पाण्यात उभी राहिली तरी कुजायची नाही. असलं चिवट झाड मालतीबाईंनी दुसरं पाहिलं नव्हतं. गजेंद्र गेला त्या महिन्यात तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, तरी ती तशीच.

मग त्यांनीच तिची सेवा धरली. शेजारच्या चंचलबेनचा बागेचा हात चांगला. भिंतीपलीकडून त्या सांगायच्या, आणि मालतीबाई ऐकायच्या.

“मालतीबेन, जी डाळी एकदम लीली निकळे ने, ती कापी नाखजो. नई तो आखुं झाड लीलुं थई जशे. पछी तमारी कबरी गई.”

“हिरवी कापायची? हिरवी तर जोमदार असते.”

“एटले ज! लीलुं रांधे ने धोळुं जमे.” हिरव्याने रांधायचं आणि पांढऱ्याने बसून जेवायचं. “धोळुं पान मफतनुं खाय. आमच्या जेठासारखं!” आणि चंचलबेन भिंतीवर हात आपटून हसल्या.

मालतीबाईंना ते हसू नीट कळलं नाही. पण काम कळलं. निखळ हिरवा फुटवा दिसला की त्या कापू लागल्या. कात्री वर्षाची असायची. वर्षा घरी बसून साड्यांची धागा कटिंग करायची. एम्ब्रॉयडरीच्या मशिनीवरून साडी उतरली की उलट्या बाजूला धाग्यांची जाळी राहते, ती एकेक करून कापायची. दुपारभर पुढच्या खोलीत पंख्याखाली तिची छोटी कात्री चालायची. कच, कच, कच. घरात एवढाच आवाज. त्या आवाजावर मालतीबाईंना झोप लागायची.

कात्री घेऊन त्या बाहेर जायच्या, फांदी कापायच्या. तगरीला चीक असतो, दुधासारखा. कापल्या जागी तो टपकायचा, मातीत जिरायचा. कात्री पुसून त्या परत आणून द्यायच्या.

“आई, माझी कात्री चिकट होते,” वर्षा म्हणायची.

“धुऊन देते गं.”

“नको. मीच धुते.” आणि हसायची. वर्षाचं हसू मोठं होतं, सगळे दात दिसणारं. सुरतेत वाढलेली मुलगी. गुजराती शाळेत शिकलेली, घरी वडिलांची पुस्तकी मराठी बोलणारी. अहिराणी तिला यायची नाही, कळायचीसुद्धा अर्धीच. गजेंद्र आणि मालतीबाई आपसात बोलू लागले की ती म्हणायची, “चालू झालं तुमचं खातं. मला सबटायटल लावा.”

३

रोटाचं पाणी घातलं त्यानंतर कधीतरी तगरीला बुंध्यापासून एक नवा फुटवा आला. पांढरा. कबरा नाही, पांढराच. देठही पांढरा, शिराही पांढऱ्या.

“ए नई जीवे,” चंचलबेन म्हणाल्या. “एमां कंई लीलुं ज नथी. पोते ज मरी जशे.” यात हिरवं काहीच नाही, आपोआप मरेल.

तो मेला नाही. गणपती गेले, नवरात्र गेलं, दिवाळी आली. हिरव्या-पांढऱ्या फांद्यांच्या मधून तो सरळ वर चढत राहिला. पानं अशी कोरी की दुपारच्या उन्हात डोळ्यांना टोचायची. चंचलबेनने एकदा भिंतीवरून वाकून पाहिलं आणि मान आत घेतली. पुढे त्यांनी तगरीचा विषयच काढला नाही.

मालतीबाईंना मात्र बरं वाटलं. का वाटलं, ते विचारू नका. मरणार म्हणून सांगितलेलं काहीतरी मरत नव्हतं.

थंडीच्या सुरुवातीला वर्षाची हिरवी साडी दोरीवरून काढताना त्यावर चट्टे दिसले. दोरी तगरीच्या वर होती. चट्टे लांबट, टोकदार. लोटूने कापड बोटांत धरलं, ओलं केलं, चोळलं, नाकाशी नेलं. आयुष्यभर त्याने हेच केलं होतं.

“ब्लीच नाही,” तो म्हणाला. “वास येईना. आणि ॲसिड म्हणावं तर सूत जळलं असतं.”

“मग?”

“कोरं शे. इथं रंग चढलाच नव्हता कधी, असं.”

“नाना, तुम्हीच मिलमधून सेकंडचा माल आणला होता,” वर्षा सासऱ्यांना म्हणाली, आणि तिघंही हसले. साडी जुनी होती. सुरतेचं पाणी खारं. असं होतं. मालतीबाईंनी ती साडी घडी करून ठेवून दिली, आणि त्यावर पुन्हा विचार केला नाही. म्हणजे न करायचं ठरवलं.

४

एका दुपारी पडल्या पडल्या त्यांना वाटलं, कात्रीचा आवाज बदललाय.

कच, कच. मध्येच थांबून, कच. नेहमीची लय नव्हती. त्यांनी कूस वळवून पुढच्या खोलीत पाहिलं. वर्षा भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर साडी, मान खाली. कात्री तिच्या डाव्या हातात होती.

गजेंद्र डावखोरा होता. लहानपणी मालतीबाईंनी त्याच्या डाव्या हातावर पट्टी मारून मारून उजव्याने लिहायला लावलं, पण बाकी सगळं तो डाव्यानेच करायचा. खिळा ठोकणं, केस विंचरणं, चहाची बशी धरणं.

“वर्षा, हात दुखतोय का?”

“हां?” तिने वर पाहिलं. मग कात्रीकडे. “अरे! काय माहीत आई. उजवा आखडला असेल.” तिने कात्री उजव्या हातात घेतली.

मालतीबाईंनी तिने कापलेले धागे पाहिले. उजव्या हाताची कात्री डाव्यात नीट चालत नाही, धागा दुमडून निसटतो. हे धागे साफ कापले गेले होते.

नवरा-बायको एकमेकांच्या खोडी उचलतात, असं त्यांनी स्वतःला समजावलं. माणूस गेलं की जास्तच. त्यांची स्वतःची आत्या नवरा गेल्यावर त्याच्यासारखी खाकरायला लागली होती. यात काय आहे?

पण त्या दिवसापासून त्या बघू लागल्या.

वर्षा चहा खिडकीत ठेवून पार थंड करून प्यायला लागली. पूर्वी जीभ भाजायची तरी गरम प्यायची. दुकानातून आली की फाटकाची कडी किल्लीने दोनदा वाजवायची, टण टण, मग आत यायची. ही गजेंद्रची सवय. पाळीवरून आला की आईने दचकू नये म्हणून. पहिल्यांदा ती टणटण ऐकली तेव्हा मालतीबाई पोळी तव्यावर टाकून धावत बाहेर आल्या. दारात वर्षा होती, हातात कोथिंबिरीची जुडी.

“काय झालं आई?”

“काही नाही. पोळी जळली.”

खोटं कशाला बोलायचं? त्यांना भीती वाटली नाही. निदान तेव्हा नाही. त्यांना आनंद झाला. असा आनंद, की जो कुणाला सांगायचा नसतो. त्या रोज तगरीला पाणी घालू लागल्या. हिरवा फुटवा डोळ्यांत तेल घालून शोधायच्या आणि कापायच्या. पांढरी फांदी आता त्यांच्या खांद्याला लागत होती. पानं मोठी, जाडसर, गार.

आणि वर्षा उतरत चालली. आधी ओठ, मग नखं. जिना चढली की धाप लागायची. डॉक्टरने खालची पापणी ओढून पाहिली, रक्त कमी आहे म्हणाले, लोहाच्या गोळ्या दिल्या, बीट खा, गूळ-शेंगदाणे खा. वर्षा सगळं खायची. कुठे जात होतं कोण जाणे.

मालतीबाईंना कुठे जात होतं ते कळत नव्हतं, असं मला म्हणवत नाही.

एकदा त्यांनी नवऱ्याजवळ विषय काढला. संध्याकाळी लोटू ओट्यावर बसून नखांतला रंग काढत होता.

“गजू येतो,” त्या म्हणाल्या. “वर्षात. तुम्ही पाहिलं नाही?”

लोटूने पुढचं नख कोरायला घेतलं.

“पाह्यलं.”

“मग?”

“रंग एकटा उभा राहत नाही, गज्यानी माय. त्याले कापड लागस.” त्याने तगरीकडे पाहिलंसुद्धा नाही. “उपटी फेक ते झाड.”

“तुमच्याने उपटवेल?”

लोटू उठून आत गेला. त्याच्यानेही उपटवलं नाही.

५

आषाढात वर्षाचा मोठा भाऊ नितीन कामरेजहून आला. सोबत फरसाणाचा पुडा, आणि कसं बोलायचं हे ठरवून आलेला चेहरा.

“मावशी, एक स्थळ आहे,” तो म्हणाला. “बायको बाळंतपणात गेली, दोन वर्षं झाली. माणूस शांत आहे. वर्षूचं वयच काय? तुमच्या परवानगीशिवाय काही करणार नाही. पण मावशी, तिच्याकडे बघा हो. वाळून गेलीये.”

“मी उपाशी ठेवते का तिला?”

“मी असं म्हटलं का?”

भिंतीपलीकडे चंचलबेन कपडे झटकत होत्या. त्यांना बोलल्याशिवाय राहवलं नाही. “जवा दो ने, मालतीबेन! वहुनुं शुं अथाणुं नाखवानुं छे?” सुनेचं काय लोणचं घालायचंय?

नितीनला हसू आलं, त्याने दाबलं. मग गंभीरपणे म्हणाला, “कानबाईच्या दिवशी सकाळीच येतो मी. रोट खायच्या आत घेऊन जातो. आमच्या आईने सांगितलंय, यंदाचा रोट तिने खाल्ला तर ती पुन्हा तुमच्या कुळात धरली जाईल. मग पुढच्या वर्षापर्यंत हा विषय काढता येणार नाही. आणि पुढच्या वर्षापर्यंत...” तो थांबला. वर्षा पाण्याचा तांब्या घेऊन आली होती.

तो गेल्यावर वर्षा मालतीबाईंजवळ येऊन बसली. किती तरी दिवसांनी ती तिच्या स्वतःच्या आवाजात बोलतेय असं मालतीबाईंना वाटलं.

“आई, मला जायचंय. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.”

“हं.”

“मला इथे... कधी कधी मला कळतच नाही मी काय करतेय. परवा मी दाढीचं सामान धुवून ठेवलं. त्यांचं. कपाटातून कधी काढलं ते आठवत नाही. ब्रश ओला होता, आई.” तिने आपल्या गालावरून तळवा फिरवला, उलटा, खालून वर. “मला भीती वाटते.”

मालतीबाईंनी तिला जवळ घेतलं. खांदे काडीसारखे लागले. ही कुणाची तरी मुलगी आहे. असं त्यांना त्या क्षणी खरोखर वाटलं, आणि त्यांनी मनापासून सांगितलं, “जा बाळा. मी नितीनला नाही म्हणणार नाही.”

६

शनिवारी दुपारी त्या गहू काढायला बसल्या. उद्या कानबाई. दळण संध्याकाळच्या आत यायला हवं होतं.

एक मूठ. वरचा पाव. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

लोटू दारातून पाहत होता. त्याने मान हलवली, बरं केलंस अशी. त्याचे डोळे ओले झाले होते. मालतीबाईंचे नाही. त्या उठल्या, वर्षाच्या पेटीवरची दुसरी कात्री घेतली आणि बाहेर गेल्या.

ऊन पडलं होतं, पावसाच्या मधलं, चटका देणारं. गल्लीत कुणी नव्हतं. लांब कुठेतरी लूम चालू होते, खटखट खटखट, आणि खोलीतून वर्षाची कात्री, कच, कच. तिची बॅग भरून पलंगाखाली ठेवलेली होती.

मालतीबाई तगरीसमोर वाकल्या, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी अख्खं झाड नीट पाहिलं. पांढरी फांदी आता झाडच झाली होती. बाकीच्या कबऱ्या फांद्या कधी वाळल्या, कधी गळाल्या, त्यांना आठवेना. त्या पांढऱ्या बुंध्याला चिकटून खाली एकच हिरवी फांदी उरली होती. बारीक, वाकडी, चार-सहा पानांची. तेवढ्या पानांवर ते सगळं उभं होतं.

पांढरी कापायची. बस. मग हिरवी जगेल, वाढेल, साधी तगर होईल. चारचौघांच्या दारात असते तशी.

त्यांनी पांढरा देठ डाव्या हाताने धरला. गार होता. कात्रीची पाती त्याच्याभोवती नेली, आणि थोडी दाबली. साल फाटली. चीक आला. दूधच ते. त्यांच्या बोटांवरून मनगटाकडे ओघळलं.

आत कात्रीचा आवाज थांबला.

“माय.”

मालतीबाई तशाच वाकून राहिल्या. वर्षा त्यांना आई म्हणायची. सात वर्षांत एकदाही माय म्हणाली नव्हती.

“माय, काय करी राह्यनी?”

आवाज वर्षाचाच. बारीक, बायकी, थोडा घोगरा. शब्द तिचे नव्हते. तिला ते यायचे नाहीत.

ऐकून ऐकून शिकली असेल, मालतीबाईंच्या मनात आलं. सात वर्षं कानावर पडलंय. का नाही शिकणार? त्यांनी हे मनात दोनदा म्हटलं आणि मगच मान वर केली.

वर्षा दारात उभी होती. दाराचा पडदा अर्धा सारलेला. अर्ध्या चेहऱ्यावर ऊन, अर्ध्यावर पडद्याची सावली, नाकाच्या रेघेवरून सरळ वाटणी. उन्हातली बाजू वर्षाची होती. गव्हाळ, थकलेली, डोळा खाली झुकलेला, जणू उभ्या उभ्या झोप लागलीय.

सावलीतला डोळा उघडा होता.

तो मालतीबाईंकडे पाहत होता. ती बाजू सावलीत असून उजळ होती, पानासारखी, कोरी. आणि त्या बाजूचा ओठ जरासा वर गेला होता. लहानपणी चुलीपाशी येऊन गूळ मागायचा, आणि आई नाही म्हणणार हे माहीत असायचं, तेव्हा जायचा तसा.

“दुखस ना, माय,” ती बाजू म्हणाली.

वारा आला. पडदा हलला, ऊन सगळ्या तोंडावर पडलं, आणि तिथे नुसती वर्षा होती. फिकट, गोंधळलेली, डाव्या हातात कात्री.

“आई? तुम्ही हाक मारली का?”

त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. वर्षा क्षणभर उभी राहिली, मग आत गेली.

अंगणात फक्त लूमची खटखट राहिली. पांढऱ्या देठाच्या जखमेतून चीक अजून येत होता, थेंब थेंब. मालतीबाईंनी पदराचं टोक ओलं केलं आणि ते पुसलं. हळूच, जसा लेकराचा गुडघा पुसतात. चीक थांबेपर्यंत त्या तिथे पदर दाबून बसल्या.

त्या वाईट बाई नव्हत्या. गल्लीत कुणालाही विचारा. कुणाचं पोर आजारी पडलं तर रात्रभर उशाशी बसणाऱ्या, मुंगीवर पाय पडला तरी हळहळणाऱ्या. वर्षाला त्या कधी उणा शब्द बोलल्या नव्हत्या. हे सगळं खरं होतं, आणि तरी त्यांचा उजवा हात हलला. कात्री पांढऱ्या देठावरून खाली सरकली, त्या बारीक, वाकड्या, हिरव्या फांदीशी आली.

चंचलबेनने सांगितलं होतंच. हिरवी कापत जा म्हणून.

कच.

त्या आत आल्या. हात धुतले. सुपाजवळ बसल्या, डब्याचं झाकण उघडलं आणि दुसरी मूठ भरली. वरचा पावसुद्धा टाकला. दाणे पडल्याचा आवाज झाला. लोटू भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याने ऐकलं, पण या वेळी त्याने डोकं वर केलं नाही.

पुढच्या खोलीत कात्री पुन्हा सुरू झाली होती. आता तिची लय नेमकी होती, भराभर, कुठेही न अडखळता. डाव्या हाताला सरावलेल्या माणसाची.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी नितीन रिक्षा घेऊन आला. वर्षा ओट्यावर बसून थंड झालेला चहा बशीतून पीत होती, बशी डाव्या हातात. त्याला पाहून ती उठली आणि हसली, नुसते ओठ वर करून. “या पाव्हना,” ती म्हणाली. “वर्षाले लेवाले उनात का?” वर्षाला न्यायला आलात का? नितीनने मालतीबाईंकडे पाहिलं. मालतीबाई रोटाचं पीठ मळत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मग त्याने बहिणीला नावाने हाक मारली, आधी हळू, मग मोठ्याने. तिने वळून घरात पाहिलं, कुणाला हाक मारतोय ते बघायला. घरातून कुणी बाहेर आलं नाही.